चार आवाजांत मावलेलं संगीत : कोजी कोंडो

मुलं मोबाईलवर गेम खेळायला बसली की आपलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी तो आवाज बंद कर!" पण तो आवाजही कुणीतरी विचार करून रचलेला असतो. आज अशाच एका संगीतकाराची ओळख करून घेऊ.

कोजी कोंडो यांचा जन्म १९६१ साली जपानमधल्या नागोया शहरात झाला. लहानपणी ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गन शिकले. पुढे ओसाका कला विद्यापीठात शिक्षण घेऊन १९८४ मध्ये ते निन्टेंडो कंपनीत लागले. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत त्यांचंच.

अडचण काय होती?

संपूर्ण खेळ फक्त ४० केबीचा! आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही याहून कितीतरी मोठा असतो. संगीतासाठी त्यांनी वापरले चारच आवाज : दोन चालीसाठी, एक खालच्या सुरांसाठी आणि एक खरखरीचा, ठेक्यासाठी. त्यातही मारिओने उडी मारली की चालीचा एक आवाज क्षणभर उडीला द्यावा लागे.

मार्ग कसा काढला?

त्यांची पहिली चाल मारिओच्या धावण्याशी जुळेना. ती सरळ बाजूला ठेवून त्यांनी नवी रचली. पाण्याखालच्या भागात पोहण्याला शोभेल असा तीन मात्रांचा झुलता ठेका आहे. घड्याळात १०० पेक्षा कमी वेळ उरला की तीच चाल जलद होते. म्हणजे संगीत नुसतं मागे वाजत नाही, खेळणाऱ्याला सूचनाही देतं.

१९८६ च्या 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या सुरुवातीला फ्रेंच संगीतकार रावेल यांची 'बोलेरो' ही रचना वापरायचं ठरलं होतं. पण तिचे हक्क अजून संपले नव्हते. खेळ तर तयार होत आलेला. मग कोंडो यांनी एका रात्रीत नवी चाल बांधली. आज ती जगभर ओळखली जाते. 'दुसऱ्याचं न विचारता घ्यायचं नाही' हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

२०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची चाल घेतली. या यादीत गेलेलं व्हिडिओ गेमचं हे पहिलंच संगीत.

वर्गात करून पाहा

चार मुलांचा गट करा. दोघांनी चाल गुणगुणायची, एकाने खालचा सूर धरायचा, एकाने बाकावर ठेका द्यायचा. विषय द्या : 'शाळा सुटली'. नंतर 'बस सुटायला एकच मिनिट उरलं' असं सांगा आणि मुलं चालीत काय बदल करतात ते ऐका.