पिल्लू घरी आणलं, पुढे काय? पेण-रोह्यात कुत्रा पाळणाऱ्यांना हे माहीत असायला हवं

पेण आणि रोह्याच्या गावांमध्ये कुत्रा सांभाळण्याची एक ठरलेली पद्धत दिसते. दिवसा पडवीच्या खांबाला साखळी, रात्री सुटका. जेवणात उरलेला भात आणि त्यावर सुकटीचं कालवण. शिकवण म्हणाल तर ओरडा, नाहीतर काठी.

आता पेण शहरात इमारती उभ्या राहिल्या आहेत, धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारी कुटुंबं रोह्यात राहतात आणि मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरं कोलाडपर्यंत पसरली आहेत. रील्स बघून लॅब्राडोर आणि हस्कीची पिल्लं घरात येतात. पडवीच्या जागी बाल्कनी आली. जुनी पद्धत बाल्कनीत चालत नाही, आणि खरं सांगायचं तर ती पडवीतही कुत्र्याच्या फार भल्याची नव्हती.

साखळीत नेमकं काय चुकतं?

दिवसभर बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचा पर्याय नसतो. अनोळखी माणूस जवळ आला की त्याच्याकडे एकच उपाय उरतो, अंगावर जाणं. मालकाला वाटतं कुत्रा राखणीला पक्का झाला. प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेला कुत्रा पोस्टमन आणि शेजारचं लहान मूल यांत फरक करत नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार, फार आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. दुसऱ्या बाजूला, प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ‘आमचा कुत्रा चावत नाही’ एवढं म्हणून सुटका नाही.

रात्री मोकळं सोडण्यातही धोका आहे. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात बिबटे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशोबाने सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. जंगलाला लागून घर असेल तर कुत्रा रात्री आत किंवा जाळीच्या बंद खोपटात हवा. अंगणात बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याला आयता मिळतो.

शिकवायला सुरुवात कधी?

‘सहा महिन्यांचा झाला की शिकवू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, पण तोवर महत्त्वाचा काळ निघून गेलेला असतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे आयुष्यभर सामान्य वाटतं. कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, ढोल-ताशा हे सगळं त्याला लांबून, थोडं थोडं आणि खाऊ देत दाखवायचं. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर पिल्लाला रस्त्यावर सोडू नये. कडेवर घेऊन फिरवलं तरी काम होतं.

पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

शी-शूची सवय हा घरातल्या भांडणाचा पहिला विषय. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला प्रत्येक वेळी त्याच जागी न्यायचं. त्याने तिथे उरकलं की तिथेच, एक-दोन सेकंदांत शाबासकी आणि खाऊ. घरात येऊन दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही. घरात घाण झाली म्हणून नाक घासणं किंवा मारणं याने ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शी करायची नाही. मग सोफ्यामागे जातं. कोकणातले चार महिने पावसाचे, आणि अनेक कुत्री भिजायला तयार नसतात. त्यामुळे छपराखालची एक जागा पावसाळ्याआधीच सवयीची करून ठेवलेली बरी.

आणखी एक साधी गोष्ट. आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो आणि वडील नुसतं ‘ए’ म्हणून ओरडतात. कुत्र्याने काय समजावं? घराने एक शब्द ठरवावा. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटांचा सराव पुरतो, बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चालतो.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद पाडली की पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देता चावतो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे असंही नाही. ताठ अंग आणि रोखलेली नजर असेल तर हात मागे घ्यावा.

लस गावठी कुत्र्यालाही लागते?

हो. रेबीज जात बघत नाही आणि लक्षणं दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के भारतात होतात. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि त्यानंतर दरवर्षी.

कुत्रा चावला किंवा त्याच्या दाताने खरचटलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि पुढचे डोस दिलेल्या तारखांनाच घ्यायचे. ‘घरचाच कुत्रा आहे, दहा दिवस बघू’ म्हणत इंजेक्शन लांबवणं ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

पावसाळ्यात या भागात लेप्टोचीही भीती असते. उंदरांच्या मुतातून हा आजार साचलेल्या पाण्यात येतो आणि कुत्र्यांबरोबर माणसांनाही होतो. पिल्लांच्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. गोचीड दिसली की रॉकेल चोळणं टाळा, त्याने कातडी जळते. कुत्र्याने जेवण सोडलं, हिरड्या फिकट पडल्या, ताप वाटला तर तो गोचीडताप असू शकतो. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, ती घातक ठरतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नकोत. म्हणजे उरलेलं कालवण गेलंच! भात, अंडं आणि काटे काढलेली, बिनतिखटाची मासळी मात्र चालते.

नदीकाठच्या घरांसाठी एक वेगळी सूचना. कुंडलिका किंवा भोगावती फुगली की माणसं सामान हलवायला धावतात आणि साखळीतला कुत्रा मागे राहतो. पाणी वाढण्याचा इशारा आला की सर्वांत आधी त्याचा पट्टा सोडा.

आणि गणपतीच्या दिवसांत? कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडू लागल्या की पेणमध्ये ढोल आणि फटाके सुरू होतात. कुत्रे याच काळात घाबरून पळतात. मिरवणुकीआधी त्याला फिरवून आणावं, आतल्या खोलीत पंखा किंवा टीव्ही लावून ठेवावा आणि गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचा मोबाइल नंबर लिहिलेला असावा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने तो लाडावत नाही. तो अंगाशी येऊन बसला तर बसू द्यावं.