मापात न बसलेले रक्त

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, जे ठरलेल्या कोणत्याच गटात बसेना. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ वाटे. पण ‘ओ’ रक्त चढवले तर रुग्णाच्या जिवावर बेतले असते. जवळपास सगळ्यांच्या रक्तात असणारा ‘एच’ घटकच या माणसांत नव्हता. ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला तो शोध आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. मानवी जनुकसंचाच्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या, वाचनाची गेल्या पंचवीस वर्षांतली वाटचाल पाहताना मला सारखा तोच प्रसंग आठवतो. इथेही माप आधी ठरले आणि माणसे नंतर मोजली गेली.

२००१ मध्ये जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्यातून जी संदर्भप्रत घडली, तिचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एकाच दात्याचा. डीएनए लहान लहान तुकड्यांत वाचायचा आणि प्रत्येक तुकडा या प्रतीवर जुळेल तिथे बसवायचा, अशी रीत पडली. जो तुकडा कुठेच जुळत नाही, तो बाजूला पडतो. तो आजाराचा असेल, आजारापासून राखणारा असेल. कळायला मार्ग नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जास्तच खोल आहे. करवीर तालुक्यातले गडमुडशिंगी घ्या, कोल्हापूरच्या विमानतळाजवळचे. अशा गावात घराला घर लागून असते, पण सोयरीक शतकानुशतके आपापल्या जातीत होत आली. अनालाभ बसू, पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, वरच्या जातींत जातीबाहेरची लग्ने थांबली ती सुमारे ७० पिढ्यांपूर्वी. ही कोंडी फोडण्यासाठी १९१९ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. ७० पिढ्यांपुढे त्यानंतरची शंभर वर्षे फार थोडी.

हे वेगळेपण ओळखणाऱ्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे अग्रणी होत्या. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांसोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक, प्रदेश एक, तरी शरीराच्या मोजमापांत हे गट वेगळे निघाले. पोटजाती म्हणजे एका जातीचे तुटलेले तुकडे नव्हेत, मुळातच निराळे समूह आहेत, ही इरावतीबाईंची मांडणी. डीएनए वाचण्याचे कोणतेही साधन हाती नसताना त्यांनी योग्य जागी बोट ठेवले होते, असे मला ठामपणे वाटते.

२००९ मध्ये हे वेगळेपण न जाणण्याची किंमतही कळली. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातली डीएनएची २५ अक्षरे गळालेली असणे, हा दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळला. उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका त्याने बराच वाढतो.

जानेवारी २०२० मध्ये भारतीयांचे जनुकसंच वाचणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प सुरू झाला; त्यातल्या २० संस्थांत पुण्याची आयसर ही विज्ञानसंस्थाही होती. २०२५ मध्ये ३२ आदिवासी समाजांसह ८५ समाजांतल्या ९,७७२ जणांची प्राथमिक माहिती प्रसिद्ध झाली आणि तीत सुमारे १८ कोटी जनुकीय फरक नोंदले गेले. काम मोठे आहे. पण भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाने देशात ४,६३५ समाज नोंदले आहेत, आणि हे वाचनही लहान तुकड्यांचे, जुन्याच संदर्भप्रतीवर बसवलेले.

मे २०२३ मध्येच जगाने पुढचे पाऊल टाकले होते. ४७ जणांचे जनुकसंच एकत्र गुंफलेली प्रत आली आणि जुन्या प्रतीत नसलेली सुमारे ११.९ कोटी अक्षरे तिच्यात मिळाली. आपल्या समाजांचे जनुकसंचही असेच, लांब तुकडे वाचून मुळापासून जुळवायला हवेत, आणि निवड करताना जातीजातींतले अंतर लक्षात घ्यायला हवे. नमुना मागायला गावात जाणाऱ्याने त्या रक्तातून काय कळणार, ते कुठे साठवले जाणार आणि निष्कर्ष गावच्या दवाखान्यापर्यंत कसे पोहोचणार, हे मराठीत समजावून सांगितले पाहिजे. मगच सही घ्यावी.