पाणी आणि बांध : लेखांक ६
मौजेच्या तलावाचे धरण

मातीचे धरण पाण्याचा दाब वर्षानुवर्षे सोसते, परंतु माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला काही तासही सोसत नाही. कारण उतारावरून वेगाने घसरणारे पाणी भरावाची माती पायथ्याकडून खरवडत नेते आणि हळूहळू माथाच खचवते. म्हणून अशा धरणाला तीन गोष्टी अत्यावश्यक असतात. पुराचे जादा पाणी बाजूने वाहून नेणारा सांडवा, दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करता यावा म्हणून भरावाच्या तळातून जाणारा झडपेचा नळ म्हणजे विमोचक, आणि पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी व माथा यांच्यात राखलेली मोकळी उंची. सिंचनाच्या धरणात पाणी वापरले जाते, त्यामुळे पातळी आपोआप खाली जाते आणि झडपाही चालत्या राहतात. केवळ नौकाविहार आणि मासेमारीसाठी राखलेल्या खासगी तलावात मात्र पाणी सदैव काठोकाठ असावे अशीच मालकाची इच्छा असते, आणि नेमक्या याच तीन गोष्टी त्या इच्छेच्या आड येतात.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या साउथ फोर्क धरणाचा इतिहास याची साक्ष देतो. सुमारे 72 फूट उंच आणि 931 फूट लांब असे हे मातीचे धरण राज्य सरकारने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले आणि ते 1853 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या तळात बिडाचे पाच विमोचक नळ होते. रेल्वे आल्यावर कालव्याची गरज संपली, धरण खासगी मालकीत गेले, 1862 मध्ये तळातील मोरीजवळ ते अंशतः फुटले आणि पुढे एका मालकाने ते नळ काढून भंगारात विकले. 1879 मध्ये बेंजामिन रफ यांनी ही जागा घेतली आणि पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारी व शिकारीचा क्लब उभारला. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद होते. फुटलेला भाग माती, दगड, झुडपे आणि गवत घालून बुजवण्यात आला, पण नळ पुन्हा बसवले गेले नाहीत. माथ्यावरून समोरासमोरच्या दोन घोडागाड्या जाव्यात म्हणून तो काही फूट उतरवून रुंद केला गेला, म्हणजेच मोकळी उंची कमी झाली. तलावात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसल्या. यातला प्रत्येक बदल सोयीचा आणि वरवर किरकोळ होता, आणि प्रत्येकाने धरणाचा एकेक आधार काढून घेतला.

हा धोका कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे म्हणता येत नाही. धरणापासून 14 मैल खाली, दरीच्या तोंडाशी वसलेल्या जॉन्सटाउनमधील कॅम्ब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी 1880 मध्ये आपले अभियंते जॉन फुल्टन यांना पाहणीसाठी पाठवले. पाणी उतरवण्याची सोय नाही आणि बुजवलेल्या भागातून मोठी गळती होत आहे, हे दोन दोष फुल्टन यांनी स्पष्टपणे दाखवून दिले. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. रफ यांनी मात्र खालच्या लोकांना काहीही धोका नसल्याचे कळवले. पहिल्या दोषाचे गांभीर्य येथे नीट समजून घ्यायला हवे, कारण विमोचक नसलेल्या धरणात कोणताही दुसरा दोष दुरुस्त करता येत नाही. गळती दिसते, पण तलाव रिकामा करता येत नसल्याने तिच्या मुळापर्यंत पोहोचता येत नाही.

31 मे 1889 रोजी अतिवृष्टीने तलाव झपाट्याने चढू लागला. मजुरांनी नांगर आणि फावड्यांनी माथ्यावर मातीची वरंबी उभारण्याचा, दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदण्याचा प्रयत्न केला. सांडव्याच्या जाळ्यांत ओंडके आणि फांद्या इतक्या अडकल्या होत्या की त्या मोकळ्या करण्याचे उशिरा हाती घेतलेले काम साधले नाही. दुपारी तीनच्या सुमारास बांध फुटला आणि सुमारे तासाभरात पाण्याचा लोट जॉन्सटाउनवर आदळला. 2,209 माणसे मृत्युमुखी पडली. धरणाविषयीचे इशारे तारेने खाली धाडले गेले होते, पण अशा हाका दरवर्षीच ऐकू येत असल्याने त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. क्लबवर पुढे दावे झाले, तरी न्यायालयात कोणालाही भरपाई मिळाली नाही, ही या प्रकरणातील सर्वांत क्लेशकारक बाब होय.

धरण त्याहून बरेच लहान असले म्हणून धोका संपत नाही. जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचे केली बार्न्स धरण सुमारे 12 मीटर उंचीचे होते आणि वीजनिर्मिती थांबल्यानंतर त्याचा तलाव केवळ विरंगुळ्यासाठी उरला होता. खालच्या बाजूचा उतार फार उभा होता, त्यावर झाडे वाढली होती आणि 1973 च्या एका छायाचित्रात तेथील माती घसरलेली दिसते. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्या वसाहतीत झोपलेल्यांपैकी 39 जण दगावले.

भारताच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरहून उंच धरणे येतात, तर 10 ते 15 मीटर उंचीची धरणे ठरावीक अटी पूर्ण करत असतील तरच येतात. म्हणून कृषी पर्यटन केंद्राच्या किंवा खासगी फार्महाउसच्या तळ्याचा छोटा बांध बहुधा मालकाच्याच भरवशावर असतो. अशा मालकाने मृगापूर्वी सांडव्यातील झुडपे, कचरा आणि जाळ्या काढून टाकाव्यात व झडप पूर्ण उघडून मिटवून पाहावी. भरावावर गवत राखावे, पण झाड वाढू देऊ नये, कारण मेलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी वाट काढते. उंदीर-घुशींची बिळे बुजवावीत. पायथ्याशी झिरपणारे पाणी भांड्यात धरून पाहावे. ते नितळ आणि मोजके असेल तर नोंद ठेवणे पुरे, परंतु गढूळ असेल तर भरावातील माती आतून वाहून जात आहे असे समजून तलाव सावकाश उतरवावा व त्याच दिवशी अभियंत्याला बोलावावे. बांधाखालच्या वस्तीत रात्री कोणाला उठवायचे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक राखणदाराच्या खोलीत भिंतीवर लिहिलेले असावेत.