घनता : एक संकल्पना, तीन विषय

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी विज्ञानात पदार्थाची घनता शिकतो, भूगोलात लोकसंख्येची घनता शिकतो आणि गणितात गुणोत्तराची उदाहरणे सोडवितो. तिन्ही ठिकाणी मूळ विचार एकच आहे, ही गोष्ट मात्र त्याच्या सहसा लक्षात आणून दिली जात नाही. परिणामी तो सूत्रे पाठ करतो आणि संकल्पना त्याच्या हाती लागत नाही.

काटोल परिसरात हा विचार संत्र्याच्या बागेवरून सुगम करता येतो. दोन्ही बाजूंनी ६ मीटर अंतर ठेवल्यास एका झाडाच्या वाट्यास ३६ चौरस मीटर जागा येते. म्हणजेच हेक्टरी सुमारे २७७ झाडे होतात. अशी निम्मी बाग विकली, तर उरलेल्या बागेत हेक्टरी झाडे किती? ‘निम्मी’ असे उत्तर आल्यास विद्यार्थी एकूण संख्या व प्रमाण यांत गल्लत करीत आहे, हे उघड होय. ही गल्लत दूर झाली की लोखंडाचा तुकडा कापला तरी त्याची घनता का बदलत नाही, हेही त्याला उमगते.

साम्याबरोबर भेद दाखविणेही अगत्याचे आहे. लोखंडाची घनता त्याच्या प्रत्येक भागात सारखी असते. लोकसंख्येची घनता ही केवळ सरासरी होय. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती, तर गडचिरोली जिल्ह्यात अवघी ७४.

यास्तव तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी सत्रारंभीच एकत्र बसून अशी समान उदाहरणे निश्चित करावीत; म्हणजे एका तासाला शिकलेले पुढील तासाला उपयोगी पडेल.