मिरजेला दाखवायला जाताय? सीडीवरचं नाव आधी तपासा

डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं. आजही सांगली, सातारा आणि कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येतात. सोबत बाहेर काढलेला एमआरआय किंवा सीटी स्कॅन असतो.

आपण बहुतेकदा व्हॉट्सअॅपवरचा फोटो दाखवतो. त्यात स्कॅनचा एखादाच काप दिसतो. सीडीवर मात्र डायकॉम फाइली असतात. त्यांत सगळे काप, रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि तपासणीची तारीख असते. दवाखाना त्या आपल्या संगणकावर घेऊन रुग्णाच्या नोंदीला जोडतो.

घोळ इथेच होतो. आपल्यात 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं, 'मोहम्मद'चं कुठे नुसतं 'मोहद'. संगणकाला हे वेगवेगळे रुग्ण वाटू शकतात. मग जुना-नवा स्कॅन शेजारी ठेवून बघता येत नाही. फुप्फुसातला डाग जुना की नवा, हे ठरवणं अवघड होतं. कधी पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च.

म्हणून आधारवर आहे तेच नाव सगळीकडे सांगा. अम्मी-अब्बांची सीडी देताना जुना रिपोर्टही द्या. काउंटरवर नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्या. आणि सीडी परत घ्यायला विसरू नका.