संगणकातील दप्तर : वाचावे कोणी, लिहावे कोणी?

साक्री वा शिरपूर तालुक्यातील शेतजमिनीचा सातबारा कोणासही पाहता येतो; त्यात फेरबदल मात्र कोणासही करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वये फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावयाची व वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावयाची असते. धुळे जिल्ह्यातील खातेदाराची मालकी या शिस्तीवरच सुरक्षित राहते.

केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आरंभिलेल्या युनिक्स प्रणालीतही असेच अधिकारविभाजन आढळते. प्रत्येक फाइलीसाठी मालक, नेमलेला गट व इतर असे तीन वर्ग असतात. वाचनास 4, लेखनास 2 व चालविण्यास 1 हे अंक असून प्रत्येक वर्गाची बेरीज क्रमाने मांडतात. 640 म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांस मज्जाव. सातबाऱ्यासारख्या दस्तास 644 शोभेल. प्रमाणीकरणाची दुसरी सही मात्र या अंकांत नाही. काम अडले की सर्वांस 777 देऊन मोकळे होणे म्हणजे दप्तर चावडीवर उघडे टाकणेच होय.

एक बाब सहसा ध्यानात येत नाही. डिरेक्टरी ही फाइलींच्या नावांची यादी असते आणि फाइल पुसणे म्हणजे त्या यादीतून नाव खोडणे. त्यामुळे फाइल सर्वांस केवळ वाचनीय, म्हणजे 444, असली तरी डिरेक्टरीत लिहिण्याची व शिरण्याची मुभा असलेला कर्मचारी ती नाहीशी करू शकतो. यासाठी सामाईक डिरेक्टरीस ‘स्टिकी बिट’ लावतात. मग फाइलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि ‘रूट’ हा सर्वाधिकारी यांनाच ती पुसता येते.