दहावीनंतरच्या वाटा : मुंबईतील व्यवसाय शिक्षण

दहावीचा निकाल लागला की प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? बहुतेक पालकांच्या मनात उत्तर ठरलेले असते. अकरावीला प्रवेश घ्यायचा. शाखा कोणती, एवढाच वाद. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, किंवा तंत्रनिकेतन यांची नावे निघतात ती गुण कमी पडल्यावर, तेही काहीशा खालच्या आवाजात. निवासी शाळेतून बाहेर पडणारी अनेक मुले पुढे मुंबईची वाट धरतात. त्या शहरात व्यवसाय शिक्षणाच्या कोणत्या सोयी आहेत आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, हे पालकांना ठाऊक असावे, यासाठी हे टिपण.

पालकांच्या संकोचाला कारण आहे. ज्या समाजाच्या हातांना पिढ्यानपिढ्या कामे नेमून दिली गेली, त्याने शिक्षणाकडे पाहिले ते त्या कामांतून सुटका म्हणूनच. कचेरीतील खुर्ची ही केवळ पगाराची नव्हे, मानाची जागा होती. म्हणून मुलगा पाना-पकड हाती घेणार म्हटल्यावर आईवडिलांचे मन कचरते. ही भावना समजून घेतली पाहिजे. परंतु जन्माने लादलेले काम आणि स्वतः निवडलेले, रीतसर शिकलेले, शासनमान्य प्रमाणपत्राने सिद्ध झालेले कौशल्य यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात पुढे जाण्याची वाटच नव्हती. दुसऱ्यात ती आहे. मात्र ती माहीत असावी लागते.

मुंबईचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८५४ मध्ये येथे पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली. गिरण्या वाढल्या तशी तंत्र जाणणाऱ्या माणसांची गरज वाढली आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची माटुंग्याची ‘व्हीजेटीआय’, स्थापन झाली. पण लाखो कामगार शिकले ते साच्यासमोर उभे राहूनच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा अशा कामगारांच्या हाती कसब होते, पण दुसऱ्या दारात दाखवण्यासारखा कागद नव्हता. दुसरीकडे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवले. पोटासाठी काम करणाऱ्यालाही पुढचे शिक्षण खुले असले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. व्यवसाय शिक्षणाकडे याच दृष्टीने पाहावे.

अमेरिकेत अशा शिक्षणासाठी ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची दोन वर्षांची महाविद्यालये आहेत; तेथे हस्तकौशल्याचा अभ्यासक्रमही मिळतो आणि विद्यापीठाकडे जाण्याची वाटही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ पासून याच नावाची योजना राबवली. तथापि मुंबईत हे काम मुख्यतः तीन ठिकाणी वाटले गेले आहे : आयटीआय, कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी आणि तंत्रनिकेतन.

पहिली पायरी आयटीआयची. लोअर परळ, कुर्ला, मुलुंड, बोरिवली येथे शासकीय संस्था आहेत. दादरला मुलींसाठी स्वतंत्र संस्था आहे. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वातानुकूलन हे व्यवसाय दोन वर्षांचे. संधाता म्हणजे वेल्डर, संगणक चालक, शिवणकाम हे एक वर्षाचे. बहुतेकांना दहावी उत्तीर्ण असावे लागते. वेल्डर व वायरमन यांना आठवी उत्तीर्णही पुरते. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत, ऑनलाइन अर्ज करून आणि गुणानुक्रमे होतात. मुलींनी शिवणकामच निवडावे असा कोणताही नियम नाही. वीजतंत्री वा जोडारी होण्याचा त्यांचा हक्क तेवढाच आहे.

दुसरी पायरी शिकाऊ उमेदवारीची, जिला आपण ‘अप्रेंटिस’ म्हणतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. मुंबईत मध्य व पश्चिम रेल्वेच्या कार्यशाळा, माझगाव डॉक, नौदल गोदी ही मोठी ठिकाणे आहेत. रेल्वेत साधारणतः दहावी आणि आयटीआय यांच्या गुणांवर निवड होते. माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तिन्ही पातळ्यांवर भरती निघते. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरीची हमी नव्हे, हे आधीच ध्यानात घ्यावे. मात्र रेल्वेच्या पहिल्या स्तरावरील पदांच्या भरतीत अशी उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी वीस टक्के जागा राखीव असतात.

तिसरी पायरी तंत्रनिकेतनाची, म्हणजे अभियांत्रिकी पदविकेची. वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन, माटुंग्याची व्हीजेटीआय, माहीमची सेंट झेवियर्स टेक्निकल इन्स्टिट्यूट, विलेपार्ल्याचे भागुभाई मफतलाल पॉलिटेक्निक ही जुनी नावे आहेत. दहावीनंतर ही पदविका तीन वर्षांची असते.

आता या पायऱ्यांचा परस्परांशी असलेला संबंध पाहू, कारण खरे महत्त्व त्यालाच आहे. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही, पदविकेचे गुण पाहिले जातात. हिशेब करून पाहा. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी, एकूण सहा वर्षे. तीन वर्षांची पदविका आणि तीन वर्षांची पदवी, तीही सहाच. आयटीआयची दोन, पदविकेची दोन आणि पदवीची तीन, अशी सात वर्षे. म्हणजे सर्वांत लांबच्या वाटेलाही एकच वर्ष अधिक लागते. आणि मध्येच घरची अडचण आली, तर हाती कमाई करून देणारे प्रमाणपत्र असते. बारावीनंतर थांबावे लागलेल्या मुलाकडे तसे काही नसते. अडचण सरली की पुढची पायरी पुन्हा चढता येते. एक सावधगिरी मात्र हवी : आयटीआयमधून आलेला विद्यार्थी पदविकेच्या पहिल्या वर्षाचे गणित न शिकता दुसऱ्या वर्षात बसतो. ती उणीव सुट्टीत भरून काढली नाही, तर तो मागे पडतो.

ज्यांना अभियांत्रिकीकडे जायचे नाही, त्यांच्यासाठी व्यवसाय विषयांची ‘बी. व्होक.’ पदवी आहे. तिच्या रचनेत एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी असे टप्पे ठेवलेले आहेत. नोकरी करीत शिकणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची मुंबईतील अभ्यासकेंद्रे उपयोगी पडतात.

राहिला खर्चाचा प्रश्न. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज ‘महाडीबीटी’वर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. या सर्वांसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. रेल्वे वा गोदीसारख्या केंद्रीय आस्थापनांत अर्ज करताना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. बौद्धांना हा लाभ १९९० पासून मिळतो. हे कागद निकालानंतर जमवायला बसू नये. नववीतच तयारी सुरू करावी. गुण असूनही एका दाखल्यापायी जागा गमावणे, यासारखे दुःख नाही.

शेवटी इशारा. शहरात ‘शंभर टक्के नोकरी’च्या पाट्या लावलेले वर्ग पावलोपावली दिसतात. पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : प्रमाणपत्र कोण देणार, आणि त्यावर पुढे कोठे प्रवेश मिळणार? पदविका असेल तर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, आणि आयटीआय असेल तर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची मान्यता असलीच पाहिजे. ज्या प्रमाणपत्राला पुढची पायरी नाही, त्यासाठी मोठी रक्कम भरू नये.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी कित्येक जण आज कार्यशाळांत, गोदीत, वीज कंपन्यांत, महापालिकेत काम करीत आहेत. आपल्या खात्यात शिकाऊ उमेदवारांची जाहिरात केव्हा निघते, कोणते कागद लागतात, हे आपल्याला ठाऊक असते. गावाकडच्या पालकाला नसते. ही माहिती वेळेवर शाळेत पोहोचवणे हेही मोठे दान आहे. आणि एखाद्या रविवारी शाळेत येऊन आपण स्वतः कोणत्या वाटेने गेलो, हे दहावीच्या मुलामुलींना सांगितले, तर आयटीआयचे नाव खालच्या आवाजात घेण्याची गरज त्यांच्या घरात उरणार नाही.